पीआरची फाईल आणि डिसेंबरचा शिक्का

परवा एका मित्राचा फोन आला. जपानमध्ये दहा वर्षं झाली, आता एइजूला अर्ज टाकतो म्हणाला, कागद काय काय लागतात ते व्हॉट्सॲपवर पाठव. एइजू म्हणजे इथलं पर्मनंट रेसिडन्सी, आपली मंडळी नुसतं पीआर म्हणतात. मी म्हणलं यादी पाठवतो रे, पण आधी एक सांग, गेल्या पाच वर्षांत नोकरी बदललीस का? म्हणाला हो, दोनदा. म्हणलं मग यादी राहू दे, रविवारी घरी ये चहाला.

आला, आणि दोन तास बसला, जाताना चेहरा उतरलेला होता बिचाऱ्याचा. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय कारण हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. मी सीए नाही की वकील नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे, टोकियोच्या निशी-कासाईत राहतो, जे माझ्या फाईलीत झालं तेवढंच सांगतोय.

तर माझी गोष्ट. एप्रिल २०१४ मध्ये आलो, आधी योकोहामा, मग फेब्रुवारी २०१९ मध्ये निशी-कासाई. एप्रिल २०२४ ला दहा वर्षं भरली. मी आपला खुशीत, टॅक्स तर पगारातूनच कापला जातो, एक रुपया, सॉरी एक येन कधी बुडवला नाही, पोलिसात नाव नाही, सायकलचं तिकीटसुद्धा नाही. एका ग्योसेईशोशीची वेळ घेतली. ग्योसेईशोशी म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणारे परवानाधारक लोक, फी लाखभर येनच्या आसपास, आणि त्यांना सेन्सेई म्हणायचं. या सेन्सेई म्हणजे पन्नाशीच्या बाई, एकदम शांत. त्यांनी माझी डिग्री बघितली नाही, पगार बघितला नाही, पहिला प्रश्न काय तर, "नोकरी कधी बदललीत?"

२०२१. जून अखेर जुनी सोडली, १ जुलैला नवीन धरली, मध्ये एक दिवसाचा खंड नाही. मला वाटलं खंड नाही म्हणून शाबासकी देतील.

त्या म्हणाल्या, "मग त्या वर्षीच्या जुमिनझेईच्या पावत्या आहेत ना?"

आता इथे थोडं थांबून सांगतो कारण सगळी मेख इथेच आहे. जपानमध्ये पगारावर दोन टॅक्स. एक केंद्राचा इन्कम टॅक्स, तो त्या त्या महिन्याच्या पगारातून कापतात आणि डिसेंबरमध्ये कंपनी नेनमात्सु चोसेई, म्हणजे वर्षअखेरची जुळवणी, करून हिशोब मिटवते, विषय संपला. दुसरा जुमिनझेई, म्हणजे तुम्ही १ जानेवारीला ज्या गावात राहता त्या गावाचा रहिवासी कर, साधारण उत्पन्नाच्या १० टक्के, आणि हा एक वर्ष मागून येतो, मागच्या वर्षीच्या कमाईवरचा कर यंदाच्या जूनपासून पुढच्या मे पर्यंत बारा हप्त्यात कापतात. कंपनी कापते तोवर तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण कंपनी सोडली की ती साखळी तुटते, उरलेल्या महिन्यांचा जुमिनझेई कुयाकुशो म्हणजे वॉर्ड ऑफिस थेट तुमच्या घरी पाठवतं, एक जाड पाकीट, आत स्लिपा, प्रत्येक स्लिपवर तारीख. ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी. ती स्लिप घेऊन कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये, जायचं, काउंटरवरचा मुलगा बारकोड स्कॅन करतो, शिक्का मारतो, पावतीचा तुकडा फाडून देतो.

ते पाकीट मला आलं होतं. ऑगस्टची स्लिप भरली पण होती मी. मग पाकीट ठेवलं ड्रॉवरमध्ये, ज्या ड्रॉवरमध्ये आमच्याकडे जुने चार्जर, टेकअवेचे चमचे आणि मुलीच्या शाळेची पत्रकं असतात. नवीन नोकरी, कोविडचे दिवस, घरून काम. ऑक्टोबरची स्लिप राहिली. नोव्हेंबरच्या शेवटी आठवणीचं पत्र आलं, तेही दोन-चार दिवस पडलं, आणि ४ डिसेंबरला कोपऱ्यावरच्या कोनबिनीत जाऊन सव्वा लाख येनच्या वर रक्कम रोख भरली. संपलं, असं मला वाटलं. पैसे भरले, व्याजसुद्धा मागितलं नाही कोणी.

सेन्सेईंच्या टेबलावर मी पावत्यांची पिशवी ठेवली, मला पावत्या जपायची सवय आहे, बाबांकडून आलेली, बाबा अजून १९९८ ची वीजबिलं ठेवतात. त्यांनी एकेक पावती सरळ करून लावली आणि त्या डिसेंबरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे उशिरा भरलंय."

म्हणलं हो, पण भरलंय ना.

तर इमिग्रेशनच्या नियमावलीतच लिहिलंय की अर्ज करताना सगळं भरलेलं असलं तरी मूळ मुदतीत भरलेलं नसेल तर ते तत्त्वतः तुमच्या विरोधात धरलं जाईल. बाकी नाही एवढं पुरत नाही. कधी भरलं ते बघतात. आपल्याकडे कसं, पालिकेची घरपट्टी मार्चअखेर भरली काय आणि पुढच्या वर्षी दंडासकट भरली काय, पावती हातात आली की माणूस ताठ मानेने फिरतो. वर अभय योजनेची वाट बघणारे वेगळेच. इथे तो हिशोबच वेगळा. तुम्ही किती भरलंत यात त्यांना फार रस नाहीये, तुम्ही तारीख पाळणारे आहात का यात आहे.

मी हळूच विचारलं, ही पावती नाही जोडली तर? माझ्या कपाळावर लिहिलेलं असणार काय मनात आहे ते. त्या म्हणाल्या, पगारातून कापला न गेलेला जो काळ आहे त्यातलं वेळेवर भरल्याचा पुरावा तुम्हीच द्यायचा असतो, पावती किंवा पासबुक, पुरावा नाही म्हणजे वेळेवर भरलं नाही असंच धरणार. आणि पावती असून नाही म्हणालात तर मी तुमचं काम घेणार नाही. विषय बंद. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तरी मी तेव्हा म्हणत होते ते पाकीट फ्रिजवर लाव." म्हणत होती, खरंय.

साध्या वर्क व्हिसावरून दहा वर्षांच्या रस्त्याने गेलात तर जुमिनझेईचे पाच वर्षांचे दाखले लागतात, २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत तीनच लागायचे, मग वाढवले. म्हणजे माझा डिसेंबर २०२१ चा शिक्का २०२६ संपेपर्यंत माझ्या मानगुटीवर. पण एक दुसरा रस्ता होता, पॉइंट्सचा. उच्च कौशल्यवाल्या व्हिसाचा जो तक्ता आहे त्यात ७० गुण असतील आणि तीन वर्षांपूर्वीही असतील तर तीन वर्षांचेच दाखले, ८० असतील तर एकाच वर्षाचे. तो व्हिसा हातात असायलाच हवा असंही नाही, गुण सिद्ध करता आले की झालं. डिग्री, अनुभव, पगार, वय आणि जपानी भाषेच्या एन-टू परीक्षेचे १० मिळून माझे ७५ भरले. ती एन-टू मी बायकोशी पैज लावून दिली होती, पैज हरलो असतो तर आज रडत बसलो असतो. तर सेन्सेईंनी कॅलेंडर काढलं, डिसेंबर २०२४ उलटू द्या, २०२५ च्या सुरुवातीला अर्ज करू. आणि म्हणाल्या, "तोपर्यंत बाकीचं नीट करा."

बाकीचं? मला वाटलं बाकीचं सगळं नीटच आहे.

तिथून पुढचे आठ महिने मी जे केलं त्याला बायको घराची भोंडल्याची खिरापत ओळखणं म्हणायची, म्हणजे डबा उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. पहिला डबा, आई.

इथे भारतातल्या आईबाबांना अवलंबित दाखवून टॅक्समध्ये सवलत घेता येते, आपले बरेच जण घेतात, कायदेशीर आहे, पैसे पाठवल्याचा आणि नात्याचा पुरावा हवा. मी दोघांना दाखवत होतो. कंपनीचं एचआर भाषांतर मागत बसायचं म्हणून मी ते कंपनीतून न करता दर मार्चला स्वतः काकुतेई शिनकोकू, म्हणजे इथलं वार्षिक रिटर्न, त्यात टाकायचो. जन्मदाखला जोडायचा म्हणून तो गावच्या नगरपालिकेतून काढला तर त्यावर माझं नावच नाही, फक्त 'मुलगा', आणि आईचं नाव माहेरचं. त्याची दुरुस्ती हा एक वेगळा लेख होईल, सोडा. तर कागद जोडत होतो, पैसे दर महिन्याला पाठवत होतो, कोणी कधी काही विचारलं नाही.

सेन्सेईंनी रेमिटन्सच्या स्लिपा बघितल्या. सगळ्या बाबांच्या खात्यावर. "आईंच्या कुठे आहेत?"

म्हणलं जॉइंट खातं आहे, बाबांचं पेन्शनचं, आई सेकंड होल्डर. आमच्या घरात काय, तुमच्या घरात तरी आईच्या एकटीच्या नावावर खातं होतं का? घरात पैसा येतो, आई त्यात घर चालवते, पैसे कोणाच्या नावावर आले हा प्रश्नच कधी पडला नाही. पण इथला नियम सरळ आहे, ज्याला अवलंबित दाखवायचं त्या प्रत्येकाच्या नावावर वेगळे पैसे जायला हवेत. एकाला पाठवून त्याने सगळ्यांना वाटले हे चालत नाही, ते त्या एकट्याचेच धरतात. म्हणजे बाबांची सवलत बरोबर, आईची चूक. तीन वर्षं. आणि २०२३ पासून तर अजून कडक, परदेशातला नातेवाईक ३० ते ६९ वयाचा असेल तर वर्षाला किमान ३,८०,००० येन त्याच्या नावावर पाठवलेले हवेत, विद्यार्थी किंवा अपंग असेल तर गोष्ट वेगळी. बाबा सत्तरीच्या पुढे म्हणून सुटले, आई ६६ ची.

पैशात किती? एका माणसामागे इन्कम टॅक्सला ३,८०,००० ची वजावट, माझ्या २० टक्क्याच्या टप्प्यात साधारण ७७,५००, वर जुमिनझेईला ३,३०,००० ची वजावट म्हणजे ३३,०००, एकूण वर्षाला एक लाख दहा हजार येनच्या आसपास. तीन वर्षांचे तीन लाख तीस हजार. हे मी न कळत का होईना, खिशात घातले होते.

इमिग्रेशनला हे दिसतं का? दिसतं. जुमिनझेईच्या दाखल्यावर अवलंबितांची संख्या छापलेली असते आणि अर्जात घरच्यांची माहिती असते, शिवाय ते कागद मागू शकतात. काही लोक मामा, काका, मेहुणा असे सहा-सहा अवलंबित दाखवून टॅक्स शून्यावर आणतात आणि मग पीआरला येतात तेव्हा हाच दाखला त्यांच्या अंगावर येतो. मी त्यातला नव्हतो, पण कागदाला कुठे कळतं कोण कशातला आहे.

दुसरा डबा, पुण्यातला फ्लॅट. २०१९ मध्ये ताबा मिळाला, भाड्याने दिला, २२,००० रुपये महिना. भारतात दर वर्षी आयटीआर भरतो, टीडीएस कापला जातो, नियमाने आहे सगळं. जपानमध्ये सांगायचं असतं हेच माहीत नाही. तर इथला नियम असा की मागच्या दहा वर्षांत मिळून पाच वर्षांपर्यंतच जपानमध्ये राहिलेले असाल तर बाहेरच्या कमाईवर ती इथे आणली नाही तर टॅक्स नाही. पाच वर्षं ओलांडली की जगात कुठेही कमावलेलं सगळं इथे दाखवायचं. फ्लॅटचं भाडं, एनआरओचं, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या कमाईच्या खात्याचं व्याज, आणि ज्याचा सगळ्यांना धक्का बसतो ते म्हणजे एनआरईचं, परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या खात्याच्या एफडीचं व्याज. ते भारतात करमुक्त आहे म्हणून आपण निवांत असतो, पण करमुक्त तिथे, इथे नाही. माझी पाच वर्षं एप्रिल २०१९ लाच भरली होती. आणि लपून राहतं म्हणाल तर एनआरई खातं उघडताना आपण तो फॅटका-सीआरएसचा फॉर्म न वाचता सही करतो ना, तो याचसाठी असतो, देश एकमेकांना खात्यांची माहिती देतात.

मित्रांमध्ये एक समज आहे की पगाराशिवायचं उत्पन्न २ लाख येनच्या आत असेल तर दाखवायची गरज नाही. मीही तेच धरून बसलो होतो, भाड्यातून घसारा, मेंटेनन्स, कर्जाचं व्याज गेल्यावर उरत होतं दीड लाखाच्या आसपास. अर्धवट माहिती. एक तर ती सूट फक्त इन्कम टॅक्सला, जुमिनझेईला नाही, तिथे एक येनसुद्धा वॉर्डला कळवायचा. आणि दुसरं म्हणजे ती सूट जो रिटर्न भरतच नाही त्याला. मी तर आईबाबांच्या सवलतीसाठी दर वर्षी स्वतः हौसेने रिटर्न भरत होतो, आणि रिटर्न भरलं की त्यात सगळं दाखवावं लागतं. म्हणजे एका चुकीच्या सवलतीसाठी भरलेल्या रिटर्नने माझी दुसरी सूट घालवली. हे कळलं तेव्हा मी खरंच हसलो, सेन्सेई नाही हसल्या.

मग झेइरिशी गाठला, हा टॅक्सवाला, ग्योसेईशोशी वेगळा आणि हा वेगळा, हे पण लक्षात ठेवा. खरी डोकेदुखी टॅक्सची नाही, कॅलेंडरची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, यांचं जानेवारी ते डिसेंबर. भारतातला सव्वीस-एएस आणि एआयएस, म्हणजे आयकर खात्याचे वर्षाचे उतारे, काही कामाचे नाहीत, दोन वर्षांचे तुकडे करून जोडावे लागतात. मी बँकेचं पाच वर्षांचं स्टेटमेंट काढलं, एक्सेलमध्ये ओळ ओळ घेतली, प्रत्येक भाड्याला त्या दिवसाचा येनचा दर लावला. गणपतीच्या सुट्टीत नाही, इथे सुट्टी नसतेच, पण मंडळाच्या गणपतीला सगळे झांज वाजवत होते आणि मी घरी सोसायटी मेंटेनन्सच्या पावत्यांचे फोटो पुण्याच्या चेअरमन काकांकडून मागवत होतो. काका म्हणाले, "अरे जपानला आमच्या पाण्याच्या टाकीचा खर्च कशाला कळायला हवा?" बरोबर आहे त्यांचं.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण तिथे पैसे जातात. एनआरओच्या व्याजावर भारतात बँक तीस टक्क्याच्या वर टीडीएस कापते. जपानमध्ये तुम्ही भारतात भरलेल्या टॅक्सची वजावट मागू शकता, पण भारत-जपान करारात व्याजावर १० टक्केच ठरलेत, म्हणून इथे १० टक्क्यांपुरतीच मिळते. वरचे वीस तुम्ही भारतात आयटीआर भरून परत मागायचे, जपान म्हणतं तो तुमचा आणि तुमच्या सरकारचा प्रश्न. आधीच रहिवासाचा दाखला इथल्या झेइमुशोतून, म्हणजे टॅक्स ऑफिसातून, काढून करारातली सवलत मागायच्या फॉर्म टेन-एफ सकट बँकेला दिला असता तर बँकेनेच १० कापले असते. मला हे दहा वर्षांनी कळलं.

शेवटी सगळं मिळून शूसेई शिनकोकू भरलं, म्हणजे आपण आपणहून केलेली दुरुस्ती. भीती होती की दंड बसेल, नोंद होईल, पीआर कायमची गेली. तसं काही नसतं. खात्याने तपासणीची नोटीस द्यायच्या आधी आपणहून गेलात तर कमी दाखवल्याचा दंड लागत नाही, फक्त उशिराचं व्याज, एंताईझेई, ते फार नाही. झेइमुशो आमच्या स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर, काउंटरवरचा तरुण मुलगा इतका नम्र की मलाच लाज वाटली, एवढी रक्कम घेताना तो मला दोनदा धन्यवाद म्हणाला. रक्कम त्याच दिवशी भरायची. मग दोनेक महिन्यांनी कुयाकुशोकडून सुधारित जुमिनझेईचं पाकीट आलं. यावेळी पाकीट उघडलं, चपला न काढता परत खाली गेलो आणि भरून आलो. बायकोने पावतीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि तिथे माझ्या मेहुण्याने त्याला हार घालतानाचा स्टिकर लावला.

एक आनंदाची गोष्ट पण झाली. फुरुसातो नोझेई म्हणून एक गंमत आहे, दुसऱ्या गावाला देणगी द्यायची, गाव तुम्हाला द्राक्षं, चेरी, तांदूळ पाठवतं आणि देणगी टॅक्समधून वजा होते. त्यासाठी वन-स्टॉप नावाचा सोपा अर्ज असतो, रिटर्न न भरता. मी तो भरून निर्धास्त होतो. पण रिटर्न भरलं की वन-स्टॉप रद्द होतो, देणगी रिटर्नमध्ये परत लिहावी लागते, हे मला कोण सांगणार. म्हणजे यामानाशीची द्राक्षं मी पूर्ण किमतीला खाल्ली होती, दोन वर्षं. ती दुरुस्तीत लिहून घेतली, जरा जखमेवर फुंकर.

आणि आई. २०२४ मध्ये आईच्या एकटीच्या नावावर खातं काढलं. त्यासाठी बाबा तिला घेऊन बँकेत गेले, पॅन होतं, आधार होतं, तरी बँकेतला म्हणे विचारतो, "काकू, जॉइंट आहे ना, वेगळं कशाला?" आई म्हणाली, "जपान सरकारने सांगितलंय." तेव्हापासून आईचे वेगळे पाठवतो, वर्षाचे ३,८०,००० येन पुरे होतील असे, दोन लाख रुपयांच्या वर जातात. पहिल्यांदा जमा झाले तेव्हा तिचा फोन, एवढ्याचं मी काय करू, परत घे. आता तिने पासबुक शेजारच्या काकूंना दाखवून झालंय, बाबांना त्यातले लागले तर मागावे लागतात आणि ती कारण विचारते.

बाकी कागदांबद्दल फार लिहीत नाही, पटापट सांगतो. जुमिनझेईचा दाखला ज्या गावात त्या वर्षी १ जानेवारीला होतात तिथूनच मिळतो. मी पहिल्या उत्साहात पाच वर्षांचे गोळा करताना २०१९ चा योकोहामाहून टपालाने मागवला, त्याची फी पोस्टात जाऊन तेइगाकु कोगावासे नावाची मनीऑर्डरसारखी चिठ्ठी विकत घेऊन पाठवायची, नंतर तीनच वर्षांचे लागले, तो दाखला अजून घरात आहे. रेइवा ५ चा दाखला म्हणजे, जपानी सनाप्रमाणे, २०२३ चा, पण त्यावरची कमाई २०२२ ची, हे बोटं मोजून लक्षात ठेवा, माझे दोन दाखले चुकीच्या वर्षाचे आले होते. केंद्राच्या टॅक्सचा दाखला झेइमुशोतून 'सोनो ३', म्हणजे तिसऱ्या नमुन्याचा, मागायचा, सोनो १ आणि २ वेगळे आहेत, ते चालत नाहीत. त्यात पाच प्रकारचे कर असतात, वारसा कर आणि बक्षीस कर सुद्धा, आपल्याला लागू नसले तरी 'काही बाकी नाही' असं पाचही कॉलममध्ये हवं.

पेन्शन आणि आरोग्य विमा मागच्या दोन वर्षांचं बघतात. इथे माझ्या एका मित्राची विकेट गेली. त्याने नोकरी २५ तारखेला सोडली, नवीन १ तारखेपासून, मधले पाच दिवस आराम. आता महिना संपताना तुम्ही ज्या कंपनीत असता तिच्याकडे त्या महिन्याचं पेन्शन. २५ ला सोडलं म्हणजे तो महिना कोणाचाच नाही, तो राष्ट्रीय पेन्शनमध्ये स्वतः जाऊन भरायचा, विमाही तसाच. बायकोचंही, कारण ती नवऱ्याच्या पेन्शनला जोडलेली असते. पाच दिवसांच्या आरामासाठी दोघांचा एक-एक महिना उशिरा भरला गेला आणि तो आता दोन वर्षं मोजतोय. महिन्याच्या शेवटच्या दिवशीच राजीनामा संपवा, कितीही कंटाळा आला असला तरी.

आणि डिपेंडंट व्हिसावर पार्टटाइम करणाऱ्या बायकांच्या आठवड्याच्या २८ तासांच्या मर्यादेचा हिशोब पण त्याच टॅक्सच्या दाखल्यावरून कळतो, कमाई भागिले ताशी दर, एवढं गणित त्यांना येतं.

शेवटी फेब्रुवारी २०२५ ला शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन अर्ज दिला. माझा जामीनदार आमच्या इमारतीतला एक जळगावचा दादा, त्याला २०१६ मध्येच पीआर मिळालंय, पूर्वी जामीनदाराचेपण टॅक्सचे कागद लागायचे, आता सही आणि ओळखपत्र पुरतं. त्याला म्हणलं दादा सही दे, तो म्हणाला आधी सांग सगळं भरलंयस ना, मी म्हणलं तुझ्यापेक्षा जास्त. सेन्सेईंनी कारणपत्रात एक परिच्छेद दुरुस्तीबद्दल लिहायला लावला, काय चुकलं, कधी कळलं, कधी भरलं, तीन ओळी, रडगाणं नाही. मी आधी दीड पान लिहिलं होतं, माझी परिस्थिती, कोविड, नवीन नोकरी. त्यांनी सगळं खोडलं.

पीआर मिळालं की सुटलो असं कोणी समजू नका. २०२४ मध्ये कायदा बदललाय, मुद्दाम टॅक्स किंवा पेन्शन न भरणाऱ्यांचं पीआर काढून घेता येईल अशी तरतूद आलीये आणि ती २०२७ मध्ये लागू होतेय. चुकून राहिलं किंवा आजारपणात जमलं नाही त्यांच्यासाठी नाही म्हणतात. बघू.

परवाच्या मित्राचं सांगायचं राहिलं. त्याचं दुसऱ्या नोकरीबदलाच्या वेळचं पाकीट सापडलं, त्यातल्या दोन स्लिपा वेळेवर भरलेल्या, तिसऱ्याची पावती नाही. भरली होती हे त्याला पक्कं आठवतं, कुठल्या कोनबिनीत तेही आठवतं, आईसक्रीम घेतलं होतं तेही. मी म्हणलं कोनबिनीत नको जाऊ, कुयाकुशोत जा, कोणत्या तारखेला जमा झाली ते त्यांच्याकडे असतं, आधी ते कळू दे. आज सकाळी जाणार होता, अजून मेसेज नाही.

माझा अर्ज अजून चालू आहे. जूनमध्ये नवीन वर्षाचा जुमिनझेईचा दाखला निघायला लागला आणि पाठोपाठ पत्र आलं की नवीन वर्षाचा पण पाठवा. रात्री साडेदहाला चालत खाली गेलो, मायनंबर कार्ड, म्हणजे इथलं आधार, मशीनवर ठेवलं, चार आकडे दाबले, दाखला बाहेर आला. त्याच कोनबिनीत, जिथे ४ डिसेंबरला शिक्का बसला होता. पाकिटात घातला, रजिस्टर टपालाची पावती पिशवीत ठेवली.